डिझेल वाचवायला सरकारी पैसे: कळंबोलीच्या छोट्या वाहतूकदाराला खरोखर काय मिळतं

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कळंबोलीत तुमचे तीन ट्रेलर आहेत. ते जेएनपीए बंदरातून तळोजा एमआयडीसी आणि भिवंडीकडे कंटेनर ओढतात. एक १४ फुटी गाडी भिवंडीच्या गोदामातून ठाणे आणि नवी मुंबईतल्या दुकानांना माल पोचवते. वडिलांच्या नावावरचा जुना दहाचाकी बहुतेक दिवस उभाच असतो. एका एजंटाने तुम्हाला डिझेलच्या पाइपवर बसवायचं यंत्र दाखवलंय. त्या यंत्राने २० टक्के डिझेल वाचतं, निम्मी किंमत सरकार देतं, तुम्ही फक्त नोंदणीचे पैसे आधी भरा, असं त्याचं म्हणणं. ई-ट्रकवर नऊ-साडेनऊ लाख मिळतात हेही तुमच्या कानावर आलंय. आणि कॅनडातल्या मावसभावाने सांगितलंय की तिकडे ट्रकला इंधन वाचवणारी साधनं लावायला सरकार पैसे देतं. यातलं खरं काय, आणि नेमकं कशामागे लागावं?

एजंटाला पैसे देऊ नका. हे आधी सांगतो, कारण बाकीचं वाचायला वेळ लागेल आणि तो माणूस उद्या परत येईल.

वाशी ते उरण पट्ट्यातल्या वाहतूकदारांचे डिझेलचे हिशेब आणि गाड्यांच्या कर्जाचे प्रस्ताव बघणं हे माझं रोजचं काम. येणारा जवळजवळ प्रत्येक जण "सध्या योजना कुठली चालू आहे?" असं विचारत येतो. पण योजना ही शेवटची पायरी. कोणत्या गाडीचं डिझेल कुठे जातं, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर नसताना अनुदान घेतलं तर चुकीच्या मार्गावर चुकीची गाडी येते, आणि हप्ता मात्र पाच वर्षं चुकत नाही.

आता यंत्राबद्दल. आपल्याकडे मालवाहतुकीला सरकारी मदत तीन वाटांनी येते: गाडीच्या बिलातच किंमत कमी होते, कर माफ होतो किंवा कमी होतो, नाहीतर कर्जावरचं व्याज हलकं होतं. तिन्ही वाटा गाडी खरेदीच्या आहेत. चालू डिझेल गाडीवर एखादी वस्तू बसवली म्हणून मालकाच्या खात्यात रोख रक्कम यावी, अशी यातली एकही वाट नाही. कोणी "तुमच्या नावावर मंजूर झालंय, फक्त शुल्क भरा" म्हणत असेल, तर त्याच्याकडे शासन निर्णयाची प्रत मागा. त्यात तुमच्या प्रकारच्या गाडीचा उल्लेख बोट ठेवून दाखवायला सांगा.

यंत्र म्हणून तरी ते बरं आहे का? एजंट सहसा म्हणतात की डिझेल अर्धवट जळतं, आमचं यंत्र ते पूर्ण जाळतं. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात ९८ टक्क्यांहून जास्त इंधन आधीच जळतं. जे वाया जातं ते न जळाल्यामुळे नाही. ते उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून जातं. म्हणजे २० टक्के वाचवायला तिथे जागाच शिल्लक नाही. लोहचुंबक लावा नाहीतर आणखी काही, हा हिशेब बदलत नाही. शिवाय बीएस-६ गाडीच्या इंधन लाईनशी किंवा वायरिंगशी खेळलात तर कंपनीची वॉरंटी हातची जाते. इंजेक्टरचा एक संच बदलायची वेळ आली तर वाचलेल्या सगळ्या डिझेलचे पैसे तिथेच जातात. कोणी फारच आग्रह धरला तर पुण्याच्या एआरएआय किंवा सीआयआरटी या वाहन-चाचणी संस्थांचा अहवाल मागा. कोणत्या गाडीवर, किती भारावर, किती वेगाने चाचणी झाली हे त्यात लिहिलेलं असतं. ग्राहकांची पत्रं आणि व्हिडिओ म्हणजे अहवाल नव्हे.

तुमच्या मावसभावाचं म्हणणं खरं आहे, पण त्यामागची परिस्थिती वेगळी आहे. कॅनडा सरकारने ग्रीन फ्रेट प्रोग्राममध्ये आधी ताफ्याची ऊर्जा तपासणी करून घ्यायला पैसे ठेवले, मग साधनं बसवायला, आणि वेगळ्या भागात कमी कार्बनच्या गाड्या घ्यायला. तिथले ट्रेलर मोकळ्या महामार्गावर तासन्‌तास वेगात धावतात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट. म्हणून केबिनवरचा वारा वळवणारा पत्रा आणि ट्रेलरच्या बाजूच्या झडपा तिकडे पैसे वसूल करतात. तुमचा ट्रेलर जेएनपीएच्या रांगेत मुंगीच्या पावलाने सरकतो आणि पुढे जेमतेम चाळीसचा वेग धरतो. हवा त्याला फारशी अडवत नाही. त्यांचं साधन आणून इथे लावलंत तर ते फक्त वजन वाढवेल. मात्र तिथली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: आधी तपासणी, मग साधन. तेवढं आपण कोणाच्या मदतीशिवाय करू शकतो.

आता ई-ट्रक. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. एकूण तरतूद १०,९०० कोटींची, त्यातले ५०० कोटी ई-ट्रकसाठी. ट्रकबाबतचे तपशीलवार नियम १० जुलै २०२५ रोजी आले, आणि मुदत पुढे ३१ मार्च २०२८ पर्यंत वाढली. देशभरात सुमारे ५,६०० ट्रकना मदत द्यायची आहे. देशातल्या वाहनांमध्ये डिझेल ट्रक फक्त ३ टक्के, पण वाहतुकीतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा ४२ टक्के, हे कारण सरकारने तेव्हा दिलं होतं. म्हणून हा पैसा ट्रककडे वळलाय.

एन-२ म्हणजे साडेतीन टनांहून जास्त ते १२ टनांपर्यंत, आणि एन-३ म्हणजे १२ टनांहून जास्त ते ५५ टनांपर्यंत, असे दोन गट यात बसतात. हे टन म्हणजे गाडी आणि माल मिळून एकूण वजन. मदत २.७ लाखांपासून सुरू होते आणि जास्तीत जास्त ९.६ लाखांपर्यंत जाते. ट्रेलरच्या बाबतीत ती फक्त पुढच्या हॉर्सला, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला मिळते, मागच्या ट्रेलरला नाही. साडेतीन टनांच्या आतल्या छोट्या चारचाकी मालगाड्या या योजनेत नाहीत, हे बऱ्याच जणांना डीलरच्या दारात गेल्यावर कळतं.

पैसे तुमच्या हातात येत नाहीत. बिलातच तेवढी रक्कम कमी लागते, आणि गाडी बनवणारी कंपनी ती सरकारच्या पोर्टलवरून परत मिळवते. आधी येईल त्याला आधी, असा क्रम आहे. कंपनीने बॅटरीला ५ वर्षं किंवा ५ लाख किलोमीटर, आणि गाडीला व मोटरला ५ वर्षं किंवा अडीच लाख किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोवर वॉरंटी द्यायलाच हवी. आणि सगळ्यात महत्त्वाची अट: एक जुना प्रदूषण करणारा ट्रक अधिकृत केंद्रात मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या उभ्या दहाचाकीकडे म्हणूनच शेवटी येणार आहे.

तुमच्या ट्रेलरला हे परवडेल का? माझा अंदाज नाही असा आहे, पण तो का ते आकड्यांतून बघा. खालचे भाव धरून चाललेले आहेत. तुम्ही तुमचे कोटेशन आणि तुमची वही घेऊन ते बदला.

भरलेला-रिकामा मिळून ट्रेलरचा ॲव्हरेज लिटरला ३ किलोमीटर धरू आणि डिझेल ९० रुपये. म्हणजे किलोमीटरला ३० रुपये. इलेक्ट्रिक हॉर्स किलोमीटरला १.४ युनिट खातो आणि चार्जिंग १२ रुपये युनिटने मिळतं असं धरलं तर साधारण १७ रुपये. किलोमीटरमागे १३ रुपये वाचले. आता दोन गाड्यांच्या किमतीतला फरक ७० लाख धरा. ९.३ लाखांचं अनुदान वजा केलं की ६०.७ लाख उरतात. पाच वर्षं, १० टक्के व्याज: महिन्याला साधारण १ लाख २९ हजार रुपये हप्ता, तोही फक्त फरकाचा. तो निव्वळ डिझेलच्या बचतीतून भरायचा तर महिन्याला जवळजवळ १० हजार किलोमीटर चालवावे लागतील.

बंदरातल्या कामात तेवढे किलोमीटर पडतात का हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दिवसाला १२० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस म्हटले तर ३,००० होतात. बचत ३९ हजार, हप्ता १ लाख २९ हजार. अनुदानाने हप्त्यातून जेमतेम वीस हजार कमी केले. ही दरी अनुदानाने बुजत नाही. शिवाय बॅटरीचं वजन मालाच्या वजनातून वजा होतं. जड निर्यातीचा कंटेनर ओढणाऱ्याला त्याचा फटका बसतो.

मग जेएनपीएत इलेक्ट्रिक ट्रक कसे आले, असं तुम्ही विचाराल. सप्टेंबर २०२५ मध्ये बंदरातल्या अंतर्गत वाहतुकीसाठी ते उतरवले, आणि सोबत बॅटरी बदलण्याचं केंद्र उभं केलं. ठरलेला फेरा, दिवसरात्र काम, बॅटरी बदलायची सोय आवारातच. चार्जिंगसाठी गाडी तासभर उभी राहत नाही. त्या चौकटीत हिशेब जुळू शकतो. खुल्या बाजारात भाड्यासाठी थांबणाऱ्या तुमच्या ट्रेलरला ती चौकट नाही. एखाद्या मोठ्या कारखान्याशी ठरलेल्या मार्गाचा, किमान किलोमीटरची हमी असलेला तीन-चार वर्षांचा करार हाती आला, तर हा सगळा हिशेब पुन्हा मांडा. तेव्हा माझंही मत बदलेल.

तुमची १४ फुटी गाडी मात्र वेगळी आहे, आणि माझ्या मते तुमचा खरा ई-ट्रक तोच. गोदामातून सकाळी भरून निघते, ठरलेल्या दुकानांना जाते, रात्री परत येते. घोडबंदर रोड आणि ठाणे-बेलापूर रोडच्या गर्दीत थांबत-निघत चालते. डिझेल इंजिनाला हे सगळ्यात महाग पडतं. इलेक्ट्रिक गाडी उभी असताना काही खात नाही, आणि ब्रेक दाबला की थोडी वीज परत बॅटरीत भरते.

शहरात डिझेलचा ॲव्हरेज ८ धरा, म्हणजे किलोमीटरला सव्वाअकरा रुपये. विजेवर ६ रुपये. बचत सव्वापाच रुपये. किमतीतला फरक १० लाख धरला आणि २.७ लाखांचं अनुदान वजा केलं, तर उरलेल्या ७.३ लाखांचा हप्ता साडेपंधरा हजार. रोज १०० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस चालवलीत तर बचत १३,६५०. रोज १२० चालवलीत तर १६,३८०. अनुदान नसतं तर हप्ता २१ हजारांवर गेला असता आणि गाडी तोट्यात असती. ऑइल, फिल्टर, क्लच, युरिया यांचा वाचलेला खर्च मी धरलेलाच नाही. तो वर उरतो.

पण इथे एक गोष्ट आधी सोडवा. रात्री गाडी कुठे उभी राहते? ट्रक टर्मिनलबाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहत असेल तर चार्जर कुठे लावणार? सार्वजनिक चार्जरवर युनिटचा दर दुप्पट झाला की वरची बचत संपलीच समजा. भिवंडीच्या गोदाममालकाशी आधी बोला. गोदामात जागा आणि स्वतंत्र वीजजोडणी मिळते का ते बघा. भिवंडीत आणि शीळ-मुंब्रा-कळव्यात वीज टोरंट बघतं, नवी मुंबईत आणि उरलेल्या ठाण्यात महावितरण, म्हणजे अर्ज कुठे करायचा ते जागेवर ठरतं. गोदामाचा भाडेकरार कधी संपतो तेही बघा. पाच वर्षांचं कर्ज आणि अकरा महिन्यांचा करार, यात चार्जर अडकतो. माझ्याकडे आलेले चांगले प्रस्ताव गाडीच्या किमतीमुळे क्वचित अडले. अडले ते चार्जरच्या जागेमुळे.

कराचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या डिझेल ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, टायरवरचाही तसाच उतरला. इलेक्ट्रिक गाडीवर तो ५ टक्केच आहे. तुम्ही ५ टक्क्यांच्या पद्धतीने, म्हणजे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) न घेता भाडं लावत असाल तर गाडीवर भरलेला जीएसटी हा सरळ खर्च. ४५ लाखांच्या डिझेल हॉर्सवर तो ८ लाख १० हजार होतो. त्याहून कितीतरी महाग इलेक्ट्रिक हॉर्सवर तो याच्याहून कमी भरतो. १८ टक्क्यांच्या पद्धतीत असाल तर क्रेडिट मिळतं आणि हा फायदा उरत नाही. दोन गाड्यांच्या किमतींची तुलना करताना हे न बघता केलेली तुलना फसवी असते, म्हणून तुमच्या सीएला याच प्रश्नासाठी अर्धा तास बसवा. दहापर्यंत गाड्या असणाऱ्यांसाठीच्या अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने विवरणपत्र भरत असाल, तर घसाऱ्याचा वेगळा फायदा मिळत नाही, हेही त्याच बैठकीत बघून घ्या.

राज्याचं २०२५ चं ई-वाहन धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत आहे आणि त्यात मोटार वाहन कराची माफी आहे. अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या टोलमाफीची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. ती इलेक्ट्रिक कार आणि बससाठी आहे. मालगाडीचा टोल हिशेबात धराच. बॅटरीवरच्या मालगाडीला परमिट लागत नाही, ही सूट मात्र २०१८ पासून आहे आणि कागदपत्रांचा बराच त्रास वाचवते.

कर्जाचं. उद्यम नोंदणी नसेल तर आजच करा. ती नसताना लघुउद्योगांसाठीचं कुठलंच दार उघडत नाही. सिडबी या लघुउद्योगांसाठीच्या सरकारी बँकेने २०२३ मध्ये ई-वाहनांच्या कर्जासाठी वेगळी मोहीम सुरू केली, बँकेत तिचा उल्लेख करा. तुम्ही अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या निकषांत बसत असाल, तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेचार लाखांपर्यंत व्याजाचा परतावा मिळतो. १४ फुटीसाठी तो मोठा आधार ठरेल. त्यात क्रम महत्त्वाचा: आधी महास्वयंम पोर्टलवरून पात्रतेचं पत्र, मग बँकेचं कर्ज. कर्ज आधी उचललं आणि मग पत्रासाठी धावले, असे लोक दर महिन्याला भेटतात आणि त्यांच्यासाठी काही करता येत नाही.

आता ट्रेलरच्या डिझेलकडे येतो. यावर कोणतंही अनुदान नाही, आणि तुमचा सर्वात जास्त पैसा इथेच सुटतोय.

रांगेत इंजिन चालू ठेवलेला ट्रेलर तासाला साधारण दोन लिटर डिझेल खातो असं धरा. पार्किंग प्लाझा, गेट, रिकाम्या कंटेनरचं यार्ड, ठाण्यात जड वाहनांच्या बंदीची वेळ संपायची वाट, असं सगळं मिळून दिवसाला तीन तास इंजिन नुसतं चालू राहिलं तर सहा लिटर. महिन्याच्या २५ दिवसांत १५० लिटर, म्हणजे एका ट्रेलरमागे साडेतेरा हजार रुपये. तीन ट्रेलरचे चाळीस हजार. त्या यंत्राच्या एजंटाने दाखवलेल्या स्वप्नाच्या जवळ जाणारी ही रक्कम आहे, आणि ती खरी आहे.

ड्रायव्हरला "इंजिन बंद ठेव" एवढं सांगून हे होत नाही. मे महिन्यात उरणच्या बाजूला डांबरावर उभ्या लोखंडी केबिनमध्ये बारा वाजता बसून बघा. तो इंजिन चालू ठेवतो कारण पंखा चालतो, फोन चार्ज होतो, आणि रांग कधीही हलेल अशी धास्ती असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. ते योग्यच झालं, पण नव्या गाडीत रांगेतलं डिझेल आणखी वाढेल. म्हणून केबिनला बॅटरीवर चालणारे दोन चांगले पंखे, खिडक्यांना जाळी, छताला आतून उष्णतारोधक थर द्या. बॅटरी चांगल्या अवस्थेत ठेवा, नाहीतर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होईल की नाही या भीतीनेच तो ती बंद करत नाही. ब्रेकच्या हवेची गळती काढा. गळती असलेल्या गाडीत इंजिन बंद केलं की टाकीतला दाब उतरतो, आणि ब्रेक सुटण्यासाठी परत दाब भरेपर्यंत मागचे लोक हॉर्न वाजवतात. अशा ड्रायव्हरला दोष देऊन काय उपयोग?

दुसरी गोष्ट फेरीला ठरवून दिलेल्या डिझेलची. आपल्याकडे पद्धत अशी की फेरीला इतके लिटर, त्यात भागव. उरलं तर ते ड्रायव्हरचं, आणि ते रस्त्यावर कमी भावाने विकलं जातं. यात मालकाला खरा ॲव्हरेज कधीच कळत नाही, आणि ड्रायव्हरला त्याच्या कौशल्याचा उघड मोबदला कधीच मिळत नाही. माझ्याकडचे जे मालक यातून बाहेर पडले त्यांनी एकच केलं. प्रत्येक गाडीचा तिच्या स्वतःच्या मार्गावरचा दोन महिन्यांचा ॲव्हरेज काढला, आणि त्यापुढे वाचलेल्या डिझेलचे निम्मे पैसे पगारासोबत ड्रायव्हरच्या नावाने दिले. दुसऱ्या गाडीशी तुलना नाही, दंड नाही. माणूस तोच, गाडी तीच, पण क्लच, गिअर आणि ब्रेक वापरण्याची पद्धत बदलते. पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतली पीसीआरए ही संस्था ड्रायव्हरना इंधन वाचवून चालवायचं प्रशिक्षण देते. खरं सांगायचं तर, डिझेल बचतीसाठी छोट्या वाहतूकदाराला आज मिळणारी सरकारची सगळ्यात उपयोगी मदत हीच, आणि तिच्याबद्दल मला कोणी विचारत नाही. तुमच्यासारखे चार-पाच मालक एकत्र या आणि कळंबोलीतच एक सत्र ठेवायची विनंती करा.

मोजायचं कसं ते नीट सांगतो, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. टाकी गळ्यापर्यंत भरा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, गाडी त्याच दिशेने आणि सपाट जागेवर उभी करून, पुन्हा गळ्यापर्यंत भरा. दोन भरण्यांमधले किलोमीटर भागिले या वेळी बसलेले लिटर. वहीत आणखी तीन रकाने ठेवा: फेरी भरलेली होती की रिकामी, कंटेनरचं वजन, आणि रांगेत गेलेले तास. एका भरण्यावरून काही ठरवू नका, आठ-दहा भरण्यांची सरासरी घ्या. तीन ट्रेलरपैकी एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा सातत्याने खाली असेल तर आधी ब्रेक चिकटतोय का ते बघा. चालवून आल्यावर हबच्या जवळ हात नेला की एखादं चाक इतरांपेक्षा गरम लागतं. मग अलाइनमेंट, एअर फिल्टर, इंजेक्टर, या क्रमाने.

टायरचा दाब सकाळी गाडी हलण्याआधी, थंड असताना तपासा. आठवड्यातून एकदा पुरे, पण चुकवायचा नाही. नवे टायर घेताना रेडियलच घ्या. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकनाची चौकशीही करा. फ्रिजवर असतात तसेच तारे आता टायरवरही मिळतात, आणि ते रस्त्यावर टायर किती कमी रोध देतो ते सांगतात.

आता तुमच्या दहाचाकीबद्दल. उभ्या गाडीचा विमा, आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला लागणारा पर्यावरण कर आणि फिटनेसचा खर्च चालूच राहतो, त्यामुळे ती नुसती ठेवण्यात अर्थ नाही. ती अधिकृत मोडीत केंद्रात दिलीत तर धातूच्या वजनाचे पैसे मिळतातच, शिवाय ठेवीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीडी म्हणतात, ते मिळतं. त्याचे तीन उपयोग आहेत. पीएम ई-ड्राइव्हमधून १४ फुटी ई-ट्रक घ्यायचा तर ते लागणारच. मात्र मोडीत काढलेल्या गाडीचं वजन आणि नव्या गाडीचं वजन यांचं नातं नियमात कसं बसतं ते डीलरकडून लेखी घ्या. दुसरं, डिझेल गाडीच घ्यायची ठरली तर मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. शिवाय साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांवर कंपन्यांनी २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी ३ टक्क्यांपर्यंत सूट मान्य केली होती; तुमच्या खरेदीच्या दिवशी ती चालू आहे का ते कोटेशनवर लिहून घ्या. तिसरं, काहीच घ्यायचं नसेल तर ही सीडी डिजिईएलव्ही या पोर्टलवर दुसऱ्याला विकता येते.

कोटेशनमध्ये कारखान्याची किंमत, केंद्राचं अनुदान आणि सीडीवरची कंपनीची सूट या तीन ओळी वेगवेगळ्या मागा. एकच रक्कम दोन नावांनी दाखवलेली मी पाहिली आहे.

गाडी वडिलांच्या नावावर आहे, म्हणून सीडीही त्यांच्याच नावाने निघेल, आणि नवी गाडी तुमच्या नावावर घेणार असाल तर ती सीडी आधी तुमच्याकडे हस्तांतरित करावी लागेल. त्याआधी पनवेल आरटीओत आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा राहिलाय का, कर थकलाय का ते तपासा. कर्ज फिटलं पण आरसीवरचं फायनान्स कंपनीचं नाव काढायचं राहिलं, असं फार वेळा होतं, आणि ते एनओसी मिळवण्यातच महिना जातो. आणि तोवर कळंबोलीतला कोणी भंगारवाला जास्त भाव देतो म्हणून इंजिन, गिअरबॉक्स वेगळं काढून विकू नका. गाडी पूर्ण अवस्थेत केंद्रात गेली तरच प्रमाणपत्र सुरळीत निघतं.